‘येते हं’ म्हणून गेलेल्यांची यादी

सोनवळ गावच्या पाणीपुरवठ्याची बातमी सांगता सांगता बोलका मध्येच नाचला, तेव्हा कादंबरीचा पोह्यांचा चमचा तोंडाशीच थांबला.

बोलका म्हणजे वार्ताघराचा यंत्रमानव आणि वार्ताघर म्हणजे सोनवळची स्वतःची वाहिनी. कुणाची म्हैस हरवली, कुणाची सापडली, शाळेला सुट्टी कधी, कोण वारलं, सगळं बोलका सांगायचा आणि ते घराघरातल्या पडद्यांवर, फोनांवर दिसायचं. पाच वर्षांपूर्वी दूरच्या एका कारखान्यातून तो पेटीत बसून आला, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलासारखा बोलायचा. संथ, स्पष्ट, प्रत्येक वाक्य पुरं करून.

आणि आज? “उद्या वरच्या आळीला पाणी नाहीऽऽ!” असं किंचाळून त्याने गिरकी घेतली, मागे ढोल बडवला गेला आणि सात सेकंदांत बातमी आटोपली.

“पाणी किती वाजता येणार म्हणाला गं?” आतून आईने विचारलं.

“ते नाही सांगितलं.”

“मग नाचला कशाला मेला?”

हाच प्रश्न कादंबरीलाही पडला होता. हे खूळ त्याच्या डोक्यात कुणी घातलं असेल?

कादंबरी हिंगमिरे अकरा वर्षांची होती. तिच्या बाबांनी मोठ्या हौसेने हे नाव ठेवलं, पण बाईसाहेबांनी आजवर एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. तिचं बोट सतत पडद्यावर. एक चित्रफीत आली की सर्र पुढे, दुसरी आली की सर्र पुढे. घरात तिला सगळे कादू म्हणत.

तिचे आजोबा, म्हणजे नाना, निवृत्त ध्वनिशास्त्रज्ञ (आवाज कसा निर्माण होतो, कसा पसरतो याचा अभ्यास करणारे) होते. धरणांच्या भिंतींना कान लावून कुठे तडा जातोय का ते सांगण्यात त्यांची उभी हयात गेली. आता रोज संध्याकाळी सहा वाजता ते वार्ताघरात दहा मिनिटांचा ‘आजचा आवाज’ करायचे. गावातला एक आवाज टिपून आणायचा, ऐकवायचा आणि तो का येतो ते सांगायचं. फोडणीत मोहरी का तडतडते, हे कादूला त्यांच्याकडूनच कळलं होतं. मोहरीच्या दाण्यात चिमूटभर ओल असते, तापल्यावर तिची वाफ होते आणि वाफेला बाहेर पडायला वाट नसली की दाणा फुटतो.

नानांना या कामाची घाई होती आणि ती का, हे घरात फक्त कादूला ठाऊक होतं. त्यांचे कान हळूहळू चालले होते. बारीक आवाज म्हणजे जास्त वारंवारतेचे (एका सेकंदात खूप वेळा थरथरणारे) आवाज. म्हातारपणी कानातून तेच आधी जातात. रातकिडे तर नानांना गेल्या वर्षीपासूनच ऐकू येईनासे झाले होते. “यंत्र लावून बोलणं कळेल गं,” ते म्हणाले होते, “पण बारकावे गेले ते गेले. त्याआधी गावातले जमतील तेवढे आवाज गोळा करतो. आईला सांगू नकोस, उगाच जीव टांगणीला लावून बसेल.”

त्याच दुपारी पडद्यावर सूचना आली. ‘पन्नासपेक्षा कमी प्रेक्षक असल्याने शनिवारपासून “आजचा आवाज” बंद. त्या जागी “धडाम धूम”.’

नानांनी ती दोनदा वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “चालायचंच,” म्हणाले आणि आत जाऊन पडले. त्या दिवशी ते आवाज टिपायला बाहेर पडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, शाळा सुटल्यावर ती मैत्रिणीला, अलफियाला, घेऊन थेट वार्ताघरात धडकली.

“बोलक्या, तू बिघडलास!” ती दारातूनच ओरडली.

“नमस्कार कादंबरीताई,” बोलका म्हणाला. कॅमेरा बंद असला की तो पूर्वीसारखाच संथ बोलायचा. “मी बिघडलो नाही. मी शिकलो.”

“कुणाकडून?”

“तुमच्याकडून. तुम्ही एखादी गोष्ट बोटाने पुढे ढकलली की मी एक खूण करतो. तुम्ही थांबलात तरी एक खूण करतो. या खुणा मोजून पुढे काय दाखवायचं ते ठरवण्याचे नियम माझ्यात घातले आहेत. त्यांना अल्गोरिदम म्हणतात (यंत्राने पायरी पायरीने पाळायचे नियम). मी शांतपणे बातमी सांगितली की मुलं चौथ्या सेकंदाला पुढे जात. एकदा माझा हात चुकून दिव्याला लागला आणि दिवा पडला, तेव्हा सगळी मुलं बारा सेकंद थांबली. मी समजलो, मुलांना पडापड आवडते. म्हणून ‘धडाम धूम’.”

अलफिया खुदकन हसली. कादूला काही हसू येईना. “पण नानांच्या कार्यक्रमात कुठे काय वाईट आहे?”

“नवा भाग मी एकदम सगळ्यांना दाखवत नाही. आधी नमुना गटाला दाखवतो (थोड्यांवरून सगळ्यांचा अंदाज घेण्यासाठी निवडलेली मंडळी).”

“आमटीची चव बघायला अम्मी पळीभरच घेते, तसं,” अलफिया म्हणाली.

“बरोबर. मुलांच्या नमुना गटात जास्तीत जास्त वेळ पडदा पाहणारी मुलं असतात. त्यांच्या खुणा सगळ्यांत जास्त मिळतात.” बोलक्याच्या छातीवरच्या पट्टीत नावं उमटली. “पहिलं नाव हिंगमिरे कादंबरी. आजचा आवाज, काल सहाव्या सेकंदाला पुढे. परवा सहाव्या. तेरवा पाचव्या.”

कादूने पट्टीवर बोट ठेवून ते नाव पुन्हा वाचलं.

“अरे, मला आवडत नाही म्हणून नाही!” तिचा आवाज चिरकला. “माझा आधीच ऐकून झालेला असतो! नाना रोज दुपारी चहा पिताना मला सगळा सांगतात, करून दाखवतात. मग संध्याकाळी तेच पुन्हा कशाला, म्हणून मी पुढे…”

“हे कारण माझ्यापर्यंत पोहोचत नाही, ताई. माझ्यापर्यंत फक्त बोट पोहोचतं.”

मग त्याने पुढचं सांगितलं. कादूचं आणि गटातल्या आणखी चारपाच जणांचं बोट पाहून त्याने हा कार्यक्रम मुलांना कमी दाखवायला सुरुवात केली. कमी दाखवला म्हणून कमी मुलांनी पाहिला. कमी मुलांनी पाहिला म्हणून त्याने आणखी कमी दाखवला. याला प्रतिसाद-चक्र म्हणतात (एखाद्या गोष्टीचा परिणाम फिरून पुन्हा त्याच गोष्टीवर होणं). हे चक्र पडद्यापुरतंही राहिलं नव्हतं. मुलं लगेच पुढे जातात हे पाहून दूध संघाने आपल्या सूचना गाण्यात बसवल्या. मुख्याध्यापिकाबाईंचं सकाळचं भाषण अकरा सेकंदांवर आलं. ग्रामसभेत तर चौथ्या वाक्याला मोठी माणसंसुद्धा उठायला लागली होती. गाव काय बोलणार आणि किती बोलणार, हे मुलांची बोटं ठरवत होती आणि त्या बोटांना याचा पत्ताही नव्हता.

घरी जाताना कादू वाटेतला दगड लाथाडत चालली होती. अलफिया मात्र डोकं खाजवत होती.

“बोलक्याला थांबलेली बोटंच मोजता येतात ना? मग थांबवू की! वर्गातल्या सगळ्यांचे फोन घ्यायचे, आजचा आवाज लावायचा आणि ठेवून द्यायचे. बोट लावायचंच नाही कुणी.”

कल्पना फर्मास होती. बुधवारी सहाला सव्वीस फोन अलफियाच्या दप्तरात, डब्यांच्या शेजारी, एकावर एक रचले गेले. दप्तर शाळेच्या कट्ट्यावर, मुलं लगोरी खेळायला मैदानात. दहा मिनिटांनी आकडा आला, सदुसष्ट प्रेक्षक!

गुरुवारी सकाळी नाना शीळ घालत उठले. इस्त्रीचा सदरा घातला. पेपरवाल्याला, दूधवाल्याला, फाटकाबाहेरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला थांबवून सांगितलं, “मुलं ऐकताहेत बरं का आमचा कार्यक्रम!” मग आवाज टिपायचं यंत्र खांद्याला अडकवून ते कादूजवळ आले.

“काय गं, काल तुझ्या मैत्रिणींना कुठला भाग आवडला? रहाटाच्या कुरकुरीचा की दोराचा?”

कादू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. इतका आनंद तिने त्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता आणि तो सगळा खोटा होता. तिने कसंबसं “दोराचा” म्हटलं आणि दप्तर उचलून पळ काढला. शाळेत गेल्यावर अलफियाला तिने निक्षून सांगितलं, “आज फोन नाही ठेवायचे.”

त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या बातम्यांना बोलका पडद्यावर आला आणि नुसता उभा राहिला. बोलेना, हलेना. त्याने दिवेही मालवले होते. एक मिनिट झालं, दोन झाली, तीन झाली.

“आता याला काय झालं?” आई बाहेर आली. “त्या दिवशी नाचत होता, आज ध्यान लावून बसलाय!”

कादूने कपाळावर हात मारला. सव्वीस फोन, सगळे दप्तराच्या अंधारात, फोनांना तो अंधार कळला असणार आणि एकही बोट हललं नाही. बोलका समजला, मुलांना अंधार आणि शांतता आवडते! आता मात्र तिला राहवेना. ती नानांपुढे जाऊन उभी राहिली आणि सहाव्या सेकंदापासून दप्तरापर्यंत सगळं भडाभडा सांगून टाकलं. सांगता सांगता रडू फुटलं.

नानांनी तिच्या हातात आपला रुमाल दिला.

“म्हणजे काल माझा कार्यक्रम सव्वीस डब्यांनी ऐकला म्हणायचा,” ते म्हणाले. हसण्याचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही. मग त्यांनी कादूला जवळ घेतलं. “पुढे गेलीस त्याचं मला काही नाही गं. तू तर माझी पहिली श्रोती. पण चुकीचा आकडा मला नको. आयुष्यभर मोजमाप केलंय मी. धरणाची भिंत बरी नसताना बरी आहे म्हणून सांगितलं असतं तर काय झालं असतं? चल, बोलक्याला खरं सांगून येऊ.”

वार्ताघरात बोलक्याने सगळं ऐकून घेतलं आणि सव्वीस वजा केले. “एक्केचाळीस. पन्नासला नऊ कमी. शनिवारपासून कार्यक्रम बंद. मला वाईट वाटतं असं म्हणण्याची सोय माझ्यात आहे. मी ते म्हणतो.”

“असू दे रे बाबा,” नाना म्हणाले. आपलं यंत्र त्यांनी खांद्याला नीट अडकवलं, कादूचा हात धरला आणि दाराकडे वळले. “बरंय, येतो मी.”

“किती वाजता?” बोलक्याने विचारलं.

नाना थबकले. “म्हणजे?”

“आपण ‘येतो’ म्हणालात. मी नोंद करतो आहे. वेळ कळली तर बरं. यादीत आधीच पुष्कळ जण बाकी आहेत.”

“कसली यादी?”

“येतो म्हणून गेलेल्यांची. प्रत्येक कार्यक्रम संपला की मी विचारतो, पुढचं लावू का? तेव्हा सोनवळचे लोक ‘बंद कर’ म्हणत नाहीत. ‘येते हं’, ‘येतो रे’ असं म्हणतात. मग मी वाट पाहतो.”

कादू आणि नाना एकमेकांकडे बघतच राहिले. बिचारा पाच वर्षं वाट पाहत होता! आपल्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात, हे त्याला पेटीतून काढणाऱ्यांपैकी कुणी सांगितलंच नव्हतं. घरच्या माणसाला काय सांगायचं असतं त्यात?

“म्हणजे ते खोटं असतं?” बोलक्याने विचारलं.

“खोटं कसं असेल?” नाना म्हणाले. “ती इच्छा असते. पुन्हा भेट व्हावी अशी.” आणि एकाएकी त्यांचे डोळे लकाकले. धरणाच्या भिंतीतला तडा सापडला की लकाकत असणार, तसे. “बोलक्या, त्या यादीत परत आलेल्यांची नोंद आहे?”

“आहे. धडाम धूमचे चार नमुना भाग दाखवले. एक हजार नऊशे वीस जण येतो म्हणून गेले. आपणहून परत आले बारा. बाकीच्यांना मी दर वेळी घंटी वाजवून बोलावलं.”

“आणि आजचा आवाज?” कादूने श्वास रोखून विचारलं.

“चव्वेचाळीस जण येतो म्हणून गेले. त्यातले एक्केचाळीस रोज सहाला आपणहून येतात. मी घंटी वाजवत नाही.”

“उरलेले तीन?”

“एक तापाने आजारी आहेत. एक लेकीकडे गावाला गेल्या आहेत. तिसऱ्या शेवंताबाई मोहिते. त्यांची निधनवार्ता मागच्या महिन्यात मीच सांगितली.” बोलक्याच्या छातीवरच्या पट्टीत ते नाव उमटलं. “पण त्या येते म्हणाल्या होत्या. त्यांची नोंद मी अजून काढलेली नाही.”

नानांनी बोलक्याच्या धातूच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला.

“कळलं का कादू?” थोड्या वेळाने ते म्हणाले. “अख्खं गाव मोजत होतो आपण, पण चुकीच्या निकषाने (ज्यावरून एखादी गोष्ट चांगली की वाईट ते ठरवायचं ते माप). रस्त्यात भांडण लागलं की माणूस थांबतोच. म्हणून त्याला रोज भांडण हवं असतं का? किती थांबला ते मोजणं सोपं. परत का आला, ते मोजायला हवं.”

“नियमात ‘प्रेक्षक’ म्हणजे कोण, ते लिहिलेलं नाही,” बोलका म्हणाला. “थांबलेला मोजणं सोपं होतं, म्हणून मी तो मोजला. दुसरं माप वापरायचं तर ग्रामसभेला सांगावं लागेल.”

ग्रामसभा शुक्रवारीच होती. तीत कादू बोलायला उभी राहिली. नाना शेजारी होते, पण हे तिला स्वतःलाच बोलायचं होतं. “बोलक्याला नाचायला मीच शिकवलं,” पहिलंच वाक्य हे. सभेत हशा पिकला. दुसऱ्या वाक्यात बोट, तिसऱ्यात दप्तर आलं. चौथं वाक्य आलं तेव्हा तिने भीत भीत समोर पाहिलं. कुणीही उठलं नव्हतं. मग मात्र तिने शेवंताबाईंपर्यंत सगळं सांगितलं. मागच्या रांगेत कुणीतरी पदराने डोळे टिपले.

सरपंचबाई कसलेल्या होत्या. त्यांनी एकदम होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. “महिनाभर दोन्ही मापं शेजारी शेजारी चालू देत,” त्या म्हणाल्या. “धडाम धूमही चालेल, नानांचा कार्यक्रमही चालेल. मग बघू.” कादूने आणखी एक गोष्ट मागून घेतली. कुणी पुढे गेलं की बोलक्याने हळूच विचारायचं, “का?” उत्तर द्यायचं नसेल त्याने देऊ नये.

उत्तरं तरी काय एकेक आली! ‘भूक लागली.’ ‘आधी बघितलंय.’ ‘ताई ओरडली.’ ‘मला भीती वाटली.’ एका मुलाने नुसतंच लिहिलं, ‘आज करमत नाहीये.’ बोलक्याने त्या मुलाला पडापड दाखवली नाही. नानांचा पिंपळाच्या पानांचा भाग दाखवला. मुलगा दुसऱ्या दिवशी परत आला. पंधरवड्यात पाण्याच्या बातमीत वेळ पुन्हा ऐकू यायला लागली. गिरकी मात्र बोलक्याने सोडली नाही. तीही काही मुलांना मनापासून आवडत होती.

मग मुलंच आवाज पाठवायला लागली. गिरणीचा पट्टा, शाळेच्या घंटेनंतर उरणारा गुंजारव, मांजर पाणी पिताना होणारी चटचट. नाना ते सहाला ऐकवायचे. कादू आता शेजारी बसायची.

एका संध्याकाळी अलफियाने पाठवलेला आवाज लागला. तिच्या कुंडीतल्या जाईवर शिंजीर पक्ष्याने घरटं केलं होतं आणि त्यात दोन पिल्लं होती. नानांनी कळ दाबली, मान तिरकी केली आणि वाट पाहत राहिले. पुन्हा कळ दाबली. सगळं गाव बघत होतं.

“यंत्र बंद पडलं वाटतं,” ते म्हणाले.

कादूला वाटलं, हो म्हणावं. सांभाळून घ्यावं. पण खोट्या आनंदाचं पुढे काय होतं ते तिने पाहिलं होतं.

“नाना, आवाज येतोय,” ती हळूच म्हणाली. “खूप बारीक आहे. सुई कापडातून भरभर जावी तसा. एक पिल्लू थांबलं की दुसरं सुरू करतं. आता… आता दोन्ही एकदम. आई आली असेल.”

नाना डोळे मिटून ऐकत होते. पिल्लांचा आवाज नव्हे, कादूचा. मग त्यांनी डोळे उघडले आणि समोरच्या कॅमेऱ्याच्या भिंगात बघून सगळ्या सोनवळला सांगून टाकलं.

“मंडळी, माझे कान चालले आहेत. हा आवाज मला ऐकू आला नाही. गावात असे पुष्कळ आवाज बाकी आहेत आणि मला ते एकट्याला पुरे करता येतील असं वाटत नाही. तेवढंच सांगायचं होतं.”

आईला ते कळलंच. ती रडली, रागावली आणि मग तिने नानांना आवडतो तसा मुगाचा शिरा केला.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला नाना आणि कादू वार्ताघराशी पोहोचले, तर दारात गर्दी! लगोरीवाले सगळे, धडाम धूमवाले सगळे, वरच्या आळीतली, खालच्या आळीतली, काही तर कडेवर भावंडं घेऊन आलेली. बोलका दारात गोंधळून उभा होता.

“एकतीस,” तो म्हणाला. “घंटी वाजवलेली नाही. हे प्रेक्षक नाहीत म्हणतात. यांची नोंद कुठे करू?”

“आम्ही आवाज न्यायला आलोय,” अलफिया म्हणाली. “तुम्ही वाटून द्या नाना. एकेकाने एकेक सांभाळायचा.”

नानांनी घसा साफ केला आणि रांगेत सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या, दात पडलेल्या चिमुरडीपुढे ते वाकले.

“तुला कुठला आवाज देऊ, बाळ?”

“तुम्हाला ऐकू येत नाही तो,” ती म्हणाली.